साडेसात घोडे आणि एक ‘पण’

शंभर सीसीची मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात एक संशय घर करून असतो. कंपनीने आपल्या इंजिनात भरपूर ताकद भरली आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून ती मध्येच कुठेतरी अडवून ठेवली, असं त्याला वाटतं. एखादा स्क्रू सैल केला, एखादी जाळी उपटली, एखाद्या पाइपाचं भोक मोठं केलं की ती भसकन बाहेर येणार. एरवी हा संशय झोपलेला असतो. मागे बायको आणि टाकीवर पोरगं घेऊन जोतिबाचा डोंगर चढताना शेजारून एखादा कॉलेजकुमार दीडशेच्या गाडीवर सुळकन निघून जातो, तेव्हा तो जागा होतो. बायको काहीच बोलत नाही. पुढचा सगळा खर्च त्या न बोलण्यातून उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी माणूस गॅरेजला येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरालगतच्या एका गॅरेजच्या बाकावर बसून मी अशा मागण्या ऐकत आलो आहे. पहिलं वाक्य नेहमी शूर असतं : “मिस्त्री, गाडीची पॉवर वाढवायची.” दुसरं वाक्य ‘पण’ने सुरू होतं. पण ॲव्हरेज पडता कामा नये. पण इंजिन खोलायचं नाही, अजून कुणाचा हात लागलेला नाही. पण आवाज वाढायला नको, खालच्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहतात. पण शनिवारी गाडी हातात पाहिजे, रविवारी साखरपुडा आहे. आणि शेवटचा, सगळ्यात हळू आवाजातला पण : पाचशेच्या वर जाऊ नका.

मिस्त्री हे सगळं ऐकताना हातातला पाना खाली ठेवत नाहीत. ऐकून झालं की एकच प्रश्न विचारतात, “म्हणजे घोडं पायजे, पण वैरण न्हाई घालायची?”

घोड्यांचा विषय निघालाच आहे तर हिशेब सांगून टाकतो. जेम्स वॉटने वाफेची इंजिनं खपवण्यासाठी हे माप रूढ केलं. गिऱ्हाइकाला घोडा कळत होता, म्हणून इंजिनाची ताकद घोड्यात सांगायची. आजच्या भाषेत एक घोडा म्हणजे ७४६ वॉट. आपल्याकडच्या जुन्या स्प्लेंडरमध्ये असे साधारण साडेसात घोडे असतात, आताच्या मॉडेलमध्ये आठाच्या आसपास. ज्या माणसाच्या सात पिढ्यांत कुणी घोड्यावर बसलं नाही, फक्त लग्नात बसलं आणि तेही दोघांनी धरून, तो माणूस साडेसात घोडे मांडीखाली घेऊन म्हणतो, ‘कमी पडतात.’

खरी गंमत अशी की ज्या इंजिनावर हा संशय घेतला जातो, त्याच्याइतकं सरळमार्गी इंजिन शोधून सापडणार नाही. होंडाने १९५८ साली जपानमध्ये सुपर कब नावाची छोटी दुचाकी काढली. हवेनेच थंड होणारं, आडवं पडलेल्या एका सिलेंडरचं इंजिन. २०१७ पर्यंत त्या गाडीचे दहा कोटी नग तयार झाले. त्याच आडव्या सिलेंडरच्या घराण्यातलं इंजिन १९८५ मध्ये हिरो होंडाच्या सीडी १०० मधून आपल्याकडे आलं आणि १९९४ मध्ये स्प्लेंडरमध्ये बसलं. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, हिशेब केला की ९७.२ सीसी. एवढ्या लहानशा भांड्यात इंजिनियरांनी मुद्दाम माफक दाब ठेवला, माफक फेरे ठेवले, आणि ताकदीपेक्षा आयुष्याकडे जास्त लक्ष दिलं. हे इंजिन वारकऱ्यासारखं आहे. कमी खातं, एका लयीत चालतं, ऊनपावसाची तक्रार करत नाही आणि दरवर्षी वेळेवर पोहोचतं. आता त्याला शंभर मीटरच्या शर्यतीत पळवायचं ठरवलं तर पळेलही बिचारं, पण पुढच्या आषाढीला ते येईलच असं धरून चालू नका.

गॅरेजमधल्या बाकावर या मुद्द्याला हमखास विरोध होतो आणि तो नेहमी आरएक्स १०० वाल्या काकांकडून होतो. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ती ज्यांच्याकडे होती त्यांनी सगळ्यांनी विकली आणि सगळेच आता पस्तावले आहेत. काका म्हणतात, “शंभर सीसीच होती की! अकरा घोडे होते! मग तुमच्या शंभरात साडेसातच का?” आकडे बरोबर आहेत. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या थोडं वर. फरक इतकाच की ती टू-स्ट्रोक होती. तिच्यात पिस्टन दर फेऱ्याला जोर लावायचा. फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरा जोर लावायचा, दुसरा फेरा घरकाम करायचं. बदल्यात आरएक्स पेट्रोलसोबत ऑइलही प्यायची आणि मागच्या माणसाला धुराने ओवाळायची. काकांच्या आठवणीत मात्र धूर नाही, ॲव्हरेज नाही, प्लग काळा पडून शिरोलीच्या नाक्यावर गाडी ढकललेली नाही. आठवणीतल्या इंजिनाची ताकद दरवर्षी वाढत जाते आणि त्याला कसलाही खर्च येत नाही. पॉवर वाढवण्याचा विश्वासार्हतेला धक्का न लावणारा हा एकमेव सिद्ध झालेला मार्ग आहे.

बाकीचे मार्ग पाहू.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आवाज. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढायच्या, किंवा फटाके फोडणारा तयार सायलेन्सर लावायचा. यात गाडी वेगाने जात नाही, पण आता येतेय हे तीन गल्ल्यांना कळतं, आणि चालवणाऱ्याच्या मेंदूत आवाजाचं थेट ताकदीत रूपांतर होतं. प्रत्यक्षात मागचा रोध बदलला की मिश्रणाचं गणित बिघडतं. कार्बोरेटरचा जेट त्याप्रमाणे बदलला नाही तर इंजिन कोरडं जळतं आणि तापतं. म्हणजे कानाला दोन घोडे वाढल्याचा भास होतो तेव्हा चाकाकडचा अर्धा घोडा गेलेलाही असू शकतो. पोलीस मग असे सायलेन्सर गोळा करून रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. त्या सायलेन्सरांच्या नशिबात कधी नव्हे एवढी ताकद येते ती त्या वेळी.

दुसरा मार्ग औषधांचा. पेट्रोलच्या टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या की गाडी उडते, हे ज्ञान महाराष्ट्रात निदान दोन पिढ्या चालत आलं आहे. गोळ्या पेट्रोलमध्ये विरघळतात हे खरं. पण पेट्रोल उडून गेलं की त्या मागे राहतात आणि जेटच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसतात. तुमचं इंजिन उडत नाही, मात्र त्यात कसर लागत नाही याची खात्री बाळगावी. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधणारे आहेत. ऑइलमध्ये शंभर रुपयांची बाटली ओतणारे आहेत. टाकीवर ‘टर्बो’ असं स्टिकर लावणारेही आहेत आणि या सगळ्यांत स्टिकरवाला सर्वांत शहाणा, कारण त्याच्या उपायाने निदान अपाय होत नाही.

एकदा एक गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, निवृत्तीला आलेले, गाडीही निवृत्तीला आलेली. “मिस्त्री, पन्हाळ्याला ही तिसऱ्यावर चढायची, आता दुसरा टाकावा लागतो. पॉवर वाढवायला काय करावं लागेल?” मिस्त्रींनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी मेन स्टँडवर चढवली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. ब्रेक धरलेला होता. किती महिने, कुणास ठाऊक. गुरुजी पन्हाळा चढत होते तो मागचा ब्रेक अर्धवट दाबून. मग टायर पाहिला, हवा निम्मी. चेन कोरडी आणि ताणलेली. एअर फिल्टरमधून शाळेच्या मैदानाची बरीचशी माती निघाली. टॅपेट घट्ट झालेले, म्हणजे व्हॉल्व्ह पुरते मिटत नव्हते आणि दाब निसटत होता. आणि शेवटी ॲक्सिलरेटरची केबल. ती इतकी ढिली होती की मूठ पुरती पिळली तरी कार्बोरेटर पाऊणच उघडत होता. “गुरुजी,” मिस्त्री म्हणाले, “कंपनीनं साडेसात घोडी दिल्ती. त्यातली तीन तुम्ही बांधूनच ठेवल्यात की!”

एवढी साधी कामं, आणि त्यांना ‘ट्यूनिंग’ म्हणायला लोकांना लाज वाटते. पण छोट्या इंजिनाची पॉवर वाढवण्याचा खरा पहिला धडा हाच आहे. मोठ्या गाडीत एखादा घोडा ब्रेकमध्ये, एखादा चेनमध्ये वाया गेला तर कळतही नाही. साडेसातातला एक गेला तर तो तेरा टक्के गेला. हरवलेले घोडे परत आणायला लेथ लागत नाही, परवाना लागत नाही आणि त्याने इंजिनाचं आयुष्य घटण्याऐवजी वाढतं.

याच वर्गातला आणखी एक उपाय मिस्त्री सुचवतात, पण तो कुणी मनावर घेत नाही. गाडी एकशे बारा किलो, वर चालवणारा नव्वदचा, म्हणजे ओझं दोनशेच्या घरात. चढाला लागणारी ताकद सरळ वजनाच्या प्रमाणात असते. चालवणाऱ्याने दहा किलो कमी केले तर चढावर पाच टक्के ताकद शिल्लक राहते, म्हणजे साधारण चार दशांश घोडा. या बदलाला आरटीओची हरकत नाही, पेट्रोल वाचतं आणि खर्च उलट कमी होतो. तरीही हा उपाय ऐकल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, “त्यापेक्षा बोअर मारूया.”

तर बोअर.

कोल्हापूरकराला इंजिन खोलण्याची भीती नसते. त्याला कारण आहे. शिवाजी उद्यमनगर हा फाउंड्र्या आणि लेथ यांचा पट्टा. इथे ऑइल इंजिनं घडली, पंप घडले, लोखंड वितळवून हवा तो आकार देणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे ज्या गोष्टीला इतर गावांत ‘अशक्य’ म्हणतात, तिला इथे ‘दुपारनं या’ म्हणतात. सिलेंडर झिजला की तो किंचित मोठा कातायचा आणि मोठा पिस्टन घालायचा, हे इथलं रोजचं काम. पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्याने येतात : पाव, अर्धा, पाऊण आणि एक. पूर्ण एक मिलिमीटरचा घातला तर ५० चा बोअर ५१ होतो आणि ९७.२ सीसीचे होतात सुमारे १०१. चार सीसी. गिऱ्हाईक दारातच विचारतं, “किती वाढली?” बाकी सगळं तसंच राहिलं तर चार टक्के. साडेसात घोड्यांचे चार टक्के म्हणजे एका घोड्याचा एक पाय, फार तर पायाला नाल. पण माणसाचा चेहरा असा फुलतो, जणू दारात अख्खी पागा बांधली.

एवढ्यावर थांबलं तर इंजिनाचं काही बिघडत नाही. उलट झिजलेला सिलेंडर नवा होतो, गेलेला दाब परत येतो आणि गाडी खरंच हलकी वाटते. या कामातला कस मोठ्या पिस्टनात नसतो, फटीत असतो. पिस्टन आणि सिलेंडर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शतांशांची फट ठेवायची असते. जास्त ठेवली तर इंजिन खळखळ वाजतं आणि ऑइल पितं. कमी ठेवली तर तापल्यावर पिस्टन फुगतो आणि गाडी आंबा घाटाच्या मधोमध जाम होते. म्हणून चांगला लेथवाला आधी पिस्टन मागतो, मायक्रोमीटरने मोजतो, आणि मग सिलेंडर कातायला घेतो. “पिस्टन नंतर आणतो, तोवर बोअर मारून ठेवा,” असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चहा पाजतो आणि परत पाठवतो.

मग रनिंगचा काळ. बोअर झाल्यावर काही शे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची, सारखा वेग धरायचा नाही, पुरती मूठ पिळायची नाही, ओझं वाहायचं नाही आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं. आता विचार करा. ज्याने ताकद वाढवण्यासाठी पैसे मोजले, त्यालाच सांगायचं की काही आठवडे ती वापरू नकोस. लग्न झाल्यावर मुलीला माहेरीच ठेवण्याचा हा प्रकार पोरांना झेपत नाही. रिंगा बसण्याआधीच ते रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून, नवं इंजिन किती पळतं ते मित्रांना दाखवून मोकळे होतात.

असंच एक पोरगं होतं. त्याला एक मिलिमीटर पुरत नव्हता. त्याने मिस्त्रींना विचारलं, “मामा, चोपन्नचा पिस्टन बसंल का?”

“बसंल की.”

“मग किती सीसी हुईल?”

“एकशे तेरा.”

“मग घाला की!”

“घालतो. पण स्लीव्ह पातळ हुतीया. गरम झाली की आकार सोडतीया. गॅस्केटला जागा कमी राहतीया. पिस्टन जड झाला की क्रँकचा तोल बिघडतोय, मग हँडल थरथरतंय. कार्बोरेटर मोठा लागंल, ॲव्हरेज पडंल. क्लच घसरायला लागंल. चेन लवकर वाढंल. उष्णता वाढंल आन् पंखे तेवढंच ऱ्हातील.”

पंखे म्हणजे सिलेंडरच्या अंगावरचे पातळ पडदे, ज्यांवरून वारं जाऊन इंजिन थंड होतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं खरं अंदाजपत्रक तिथे असतं. जास्त पेट्रोल जाळलं तर जास्त उष्णता, आणि ती बाहेर टाकायला जागा पूर्वीएवढीच. वाढदिवसाला पन्नास जण बोलावता येतात, पण संडास एकच असतो.

पोराने क्षणभर विचार केला. “मग हेड घासूया.”

हेड घासणं म्हणजे सिलेंडरचं झाकण अर्धा मिलिमीटर कातून आतली जागा कमी करायची, म्हणजे दाब वाढतो. स्प्लेंडरच्या हेडातली जागा सुमारे बारा सीसीची. अर्धा मिलिमीटर गेला की एक सीसी कमी होते आणि नवाला एक असलेला दाब पावणेदहाच्या जवळ पोहोचतो. ताकद वाढते, ॲव्हरेजही किंचित सुधारतं. म्हणजे ‘पण’वाल्यांचं स्वप्नच. मात्र या दाबाला पेट्रोल कबूल असावं लागतं. तापलेल्या इंजिनात ते ठिणगीची वाट न बघता स्वतःच्या मर्जीने पेटायला लागलं, की चढावर इंजिनातून खडे हलवल्याचा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात आणि ते पिस्टनच्या डोक्याला भोक पाडू शकतं. एक घास कमी घेणारा घासतो आणि जगतो. ‘अजून जरासं’ म्हणणारा काही महिन्यांनी तेच हेड पिशवीत घालून आणतो.

बोअर झाला, हेड झालं, उरला तिसरा मार्ग, फेरे वाढवण्याचा. स्प्लेंडर आठ हजार फेऱ्यांना आपली सगळी ताकद देते. तेव्हा तिचा पिस्टन एका सेकंदात १३३ वेळा खाली जाऊन वर येतो, आणि प्रत्येक टोकाला थांबून दिशा बदलतो. हे थांबणं-वळणं इंजिनाला सगळ्यात महाग पडतं, कारण त्यातला ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. आठाचे दहा हजार केले, तर फेरे सव्वापट झाले, पण कनेक्टिंग रॉडवरचा ताण दीडपटीहून जास्त. दहा हजार फेऱ्यांचं कॅम लावून देणारे आहेत. रॉडचं मत मात्र कुणी विचारत नाही, आणि रॉड आपलं मत एकदाच सांगतो.

एवढं करून पोराला जायचं कुठे होतं? ताशी पंच्याऐंशीवरून शंभरावर. इथे मिस्त्रींनी इंजिन सोडून वाऱ्याचं गणित काढलं. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि त्याला भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने चढते. पंच्याऐंशीचे शंभर करायला वाऱ्यासाठी लागणारी ताकद एक पूर्णांक सहा पट. म्हणजे साडेसाताचे बारा घोडे हवेत. चोपन्नच्या पिस्टनने जेमतेम सव्वा घोडा येतो. “उरलेली सव्वातीन घोडी आणायची कुठनं?” पोरगं गप्प. मिस्त्री म्हणाले, “दीडशेची सेकंडहँड घे भावा. बारा घोड्यांची पल्सर बजाजनं २००१ सालीच काढून ठेवल्या. आकुर्डीच्या लोकांनी डोकी खाजवली, ती आपण परत कशाला खाजवायची?”

याच्या अगदी उलट गिऱ्हाईक म्हणजे दूधवाला. करवीर तालुक्यातल्या एका गावातून रोज पहाटे येणारा. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, म्हणजे ऐंशी किलो दूधच झालं. वरून कॅनचं वजन, आणि परतताना पेंडीचं पोतं. त्याच्याही तोंडी पॉवरच होती, पण त्याला शंभरावर जायचं नव्हतं. त्याला भरल्या ओझ्याने गावचा चढ पार करायचा होता. मिस्त्रींनी त्याचं इंजिन उघडलंच नाही. समोरच्या चौदा दातांच्या स्प्रॉकेटऐवजी तेरा दातांचं घातलं. एक दात कमी केला की प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाचा जोर सात-आठ टक्क्यांनी वाढतो. एक मिलिमीटरच्या बोअरने मिळतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. किंमत काही शे रुपये. बदल्यात टॉप स्पीड कमी होतो, इंजिन त्याच वेगाला थोडे जास्त फेरे घेतं. दूधवाल्याला टॉप स्पीडचं काय सांगता? त्या वेगाने गेला तर दुधाचं लोणी होऊन डेअरीत पोहोचेल. तो खूश होऊन गेला, आणि त्याच्या इंजिनाला यातलं काही कळलंही नाही.

ताकद आणि टिकाऊपणा यांतला सौदा ज्याने सगळ्यात उघड्या डोळ्यांनी केला तो माणूस न्यूझीलंडचा. बर्ट मन्रो. त्याने १९२० सालची इंडियन कंपनीची स्काउट मोटारसायकल घेतली. मूळ सहाशे सीसी, वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आत. मग पुढची अनेक दशकं तो माणूस शेडमध्ये बसून तिला वाढवत राहिला. पिस्टन स्वतः ओतले, इंजिन साडेनऊशे सीसीच्या आसपास नेलं, आणि १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. ही गोष्ट पोरांना फार आवडते. पण त्याच्या शेडमध्ये एक फळी होती, ती त्यांना सांगावी लागते. त्या फळीवर मोडलेले पिस्टन, वाकलेले रॉड, फुटलेले भाग ओळीने मांडून ठेवलेले असत, आणि वर लिहिलेलं होतं की हे सगळं वेगाच्या देवाला वाहिलेलं आहे. मन्रोला ठाऊक होतं की आपण विश्वासार्हता विकून वेग घेतोय. त्याने त्या गाडीवर सकाळी आठची ड्यूटी गाठायचं कधी ठरवलं नव्हतं. आपल्याला मात्र वेगाचा देव पावायला हवा असतो आणि नैवेद्य दाखवायचा नसतो.

नैवेद्यावरून आठवलं, सरकारचाही एक वाटा असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. झिजलेला सिलेंडर दुरुस्त करणं ही दुरुस्ती. सत्याण्णवाचे एकशे तेरा सीसी करणं हा बदल. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला अशा बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली, आणि दंड प्रत्येक बदलामागे आहे. पिस्टन एक, कार्बोरेटर दोन, सायलेन्सर तीन. सव्वा घोड्याला पंधरा हजार. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस येतो, इंजिनाकडे बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू उमटतं.

आणि आता तर प्रश्नच वेगळा झाला आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर जवळपास गेला. बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत, आणि किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा डबा ठरवतो. मिस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर तोच आहे, पण त्याला फिरवायला स्क्रू उरलेला नाही. पोरं लॅपटॉप घेऊन येतात आणि ‘मॅप’ बदलू म्हणतात. मिस्त्री त्यांनाही नाही म्हणत नाहीत. फक्त विचारतात, “टायरमधी हवा किती हाय?”

कारण त्यांचा एक क्रम ठरलेला आहे आणि तो ते कुणासाठी मोडत नाहीत. पॉवर मागायला आलेल्या माणसाची गाडी आधी ब्रेकला लावायची. जास्त पळणारी गाडी जुन्याच १३० मिलिमीटरच्या ड्रमवर थांबवायची आहे, तेव्हा लायनर नवे पाहिजेत. मग टायर. मग व्हील बेअरिंग. मग चेन आणि स्प्रॉकेटचा सेट. मग क्लच प्लेटा, कारण घसरत्या क्लचमधून दहा घोडे दिले तरी चाकाला सातच पोहोचणार. मग केबल, प्लग, फिल्टर, टॅपेट, ऑइल. हे सगळं झालं की इंजिन. गिऱ्हाईक मान डोलावतं, प्रत्येक वेळी खिशात हात घालतं, आणि ऑइलपर्यंत येता येता त्याचे पैसे संपतात. इंजिनापर्यंत सहसा कुणी पोहोचतच नाही. त्या गॅरेजमधल्या गाड्या वर्षानुवर्षं टिकतात त्याचं सगळं श्रेय लोक मिस्त्रींच्या हाताला देतात. खरं तर निम्मं श्रेय गिऱ्हाइकांच्या खिशाला द्यायला हवं.